ऊब वजनात नसते

बुलडाणा जिल्ह्याला दोन हिवाळे आहेत. एक घाटावरचा आणि एक घाटाखालचा. बुलडाणा, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा ही गावे घाटावरची. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, खामगाव ही पूर्णेच्या खोऱ्यातली. राजूर घाट उतरा किंवा बोथा घाट उतरा, बोलण्याचा हेल बदलतो, विहिरीच्या पाण्याची चव बदलते आणि पौष-माघातल्या पांघरुणाची जाडीही बदलते. खाली ज्या रजईत घाम फुटेल ती वर पहाटे चारच्या सुमारास अपुरी पडते. रजई भरणाऱ्याला हे ठाऊक असावे लागे. गिऱ्हाईक कोणत्या गावचे, झोपणारा म्हातारा की तरणा, घर धाब्याचे की पत्र्याचे, हे विचारल्याशिवाय तो रुईला हात घालत नसे.

आता घाटावर आणि घाटाखाली एकच पांघरूण मिळते. चेनच्या पारदर्शक पिशवीत घडी घातलेले, वर मोठमोठे गुलाब, आत पॉलिएस्टर. नाही तर रस्त्याच्या कडेला ढीग मांडून विकली जाणारी भडक रंगाची जाडजूड रजई. ती उचलताना मनगट दुखते, अंगावर घेतली की छातीवर ओझे येते, आणि तरीही पाठीत थंडी शिरतेच. ‘एवढी जड आहे, पण ऊब नाही,’ ही तक्रार दर हिवाळ्यात घरोघरी ऐकू येते. ज्या जिल्ह्याने दीडशे वर्षे जगाला कापूस विकला, त्या जिल्ह्यातल्या माणसाने ही तक्रार करावी, याचा थोडा विचार करायला हवा.

या तक्रारीचे उत्तर रजईच्या कापडात नाही. ते आत आहे. आत काय भरले, किती भरले आणि कसे पसरले, या तीन गोष्टींवर सगळे अवलंबून असते. आपण मात्र रजई घेताना कापडाचा रंग पाहतो आणि वजनाचा अंदाज घेतो.

ऊब म्हणजे मुळात अडकवून ठेवलेली हवा. कापसाचा तंतू स्वतः गरम नसतो. आपल्या अंगाची उष्णता बाहेर जाऊ पाहते आणि स्थिर हवा तिला सहज वाट देत नाही, एवढाच हा व्यवहार आहे. तंतूंचे काम हवेला जागच्या जागी धरून ठेवण्याचे. बोंड फुटून वाळू लागले, की कापसाचा तंतू नळीसारखा गोल राहत नाही. तो चपटा होतो आणि स्वतःभोवती पीळ घेतो. या पिळामुळे एक तंतू दुसऱ्यात गुंततो आणि मध्ये असंख्य पोकळ्या राहतात. रुई दाबून भरली, की पोकळ्या नाहीशा होतात. वजन वाढते, ऊब घटते. म्हणून तीन किलोची नीट पिंजलेली रजई पाच किलोच्या गोळा झालेल्या रजईपेक्षा जास्त गरम असते. जयपूरच्या हलक्या रजयांची ख्याती आहे, ती याच हिशेबावर. तिथे रुई पुन्हापुन्हा पिंजतात, पातळ थर देतात आणि टाके जवळजवळ घालतात.

आता पहिला प्रश्न, रुई कोणती? शहरी वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शेतातून येतो तो कापूस, त्यात सरकी असते. सरकी काढली की उरते ती रुई. रुईतही जातीजातीचा फरक आहे. सूतगिरणीला लांब आणि बारीक धागा हवा असतो. रजईला नेमके उलटे लागते. आखूड आणि जाडसर तंतूची रुई दाबली तरी पुन्हा उसळते. फार बारीक तंतूची रुई काही दिवसांत बसते. आपला जुना गावरानी कापूस असा होता. बोंड लहान, धागा आखूड, हाताला किंचित खरखरीत. गिरणीवाल्यांनी त्याला नाक मुरडले, पण गादी-रजईच्या कामात आणि दवाखान्याच्या कापसातही त्याला मान होता.

वऱ्हाडच्या या आखूड धाग्याच्या कापसाला मुंबईपासून लिव्हरपूलपर्यंतच्या बाजारात ‘ऊमरा’ म्हणत. उमरावती, म्हणजे अमरावती, हे त्या नावाचे मूळ. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस अडला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडकडे वळली. खामगावची पेठ एवढी वाढली, की जलंबपासून खामगावपर्यंत अवघ्या आठ मैलांचा रेल्वेचा फाटा मुद्दाम काढण्यात आला आणि १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आले. आठ मैलांच्या रुळासाठी व्हाइसरॉय येतो, यावरून त्या कापसाची किंमत कळावी.

पुढे कापसाची जात बदलत गेली. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रातून ‘एच-४’ हा संकरित कापूस आला, २००२ मध्ये बीटी बियाण्याला परवानगी मिळाली. आज आपल्या शिवारात दिसतो तो बहुतेक सगळा लांब धाग्याचा संकरित कापूस. शेतकऱ्याने तो का घेतला, हे सांगायला नको. बोंड मोठे, वेचणी सोपी, बाजारात उठाव. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. परंतु त्याबरोबर रजईचा कापूस शेतातून निघून गेला, हेही नोंदवले पाहिजे.

मग आज रजई भरायची तर काय घ्यावे? गावरानी मिळाला तर उत्तमच. नाही तर संकरित कापसाची पहिल्या-दुसऱ्या वेचणीची स्वच्छ रुईही चालते. फक्त ती जरा अधिक पिंजून घ्यावी आणि टाके जवळ घालावेत. फरदडीचा आणि कवडी कापूस टाळावा. त्यात कच्चे, मेलेले तंतू फार असतात. ते पिंजताना तुटतात आणि त्यांची भुकटी होते. गिरणीतला टाकाऊ कापूस आणि जुन्या कपड्यांच्या चिंध्या ओरबाडून केलेला करडा लगदा, या दोन गोष्टी आज रस्त्यावरच्या स्वस्त रजयांत सर्रास भरल्या जातात. जड पण थंड रजईचे रहस्य बहुधा इथेच असते.

रुई ओळखायच्या परीक्षा सोप्या आहेत. मूठभर रुई घट्ट दाबून सोडावी; ती फुगून वर आली तर जिवंत, तशीच दबून राहिली तर मेलेली. चिमूटभर ओढून तंतू पाहावेत. ओढताच पिठासारखे गळू लागले तर तो टाकाऊ माल. फार पांढरी शुभ्र रुई दिसली तर हुरळून जाऊ नये. कच्च्या रुईच्या अंगावर निसर्गतः मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळे ती पाण्यावर बराच वेळ तरंगते. रसायनाने धुऊन पांढरी केलेली रुई लगेच पाणी पिऊन बुडते. आणि शंका आलीच तर दोन तंतू काडीने जाळून पाहावेत. कापूस कागदासारखा जळतो, मऊ राख राहते. पॉलिएस्टर वितळते आणि त्याचा टणक मणी होतो. एका जुन्या पिंजाऱ्याचे शब्द मला आठवतात, ‘साहेब, रुई डोयानं नोका पाहू, मुठीनं पाहा.’

पॉलिएस्टरवर मी सरसकट टीका करणार नाही. ते हलके असते, धुता येते, लवकर वाळते. मात्र कापूस हवेतला आणि अंगातला ओलावा आपल्यात घेतो. नेहमीच्या हवेत त्याच्या वजनाच्या सुमारे आठ टक्के ओलावा त्याच्यात असतो. पॉलिएस्टरमध्ये तो अर्ध्या टक्क्याच्या आत राहतो. म्हणून त्या पांघरुणात काहींना पहाटे चिकचिक जाणवते. शिवाय त्याचे एकदा गोळे झाले, की पिंजाऱ्याकडे त्याला औषध नाही. सावरीचा कापूस ही तिसरी वस्तू. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद आणि संग्रामपूरकडे सावरीची झाडे आहेत. हा कापूस रेशमासारखा मऊ, पण त्याच्या तंतूला पीळ नाही. एकमेकांना ते धरत नाहीत. म्हणून तो उशीत भरावा, रजईत नाही. रजईत तो चार दिवसांत पायथ्याशी गोळा होतो.

दुसरा प्रश्न, किती भरावे? घाटाखाली एका माणसाच्या रजईला दोन किलो पुरेत, घाटावर तीन. म्हाताऱ्या माणसासाठी वजन वाढवू नये. छातीवरचे ओझे त्यांना सोसत नाही. त्यांच्यासाठी तेवढीच रुई दोनदा पिंजून घ्यावी. जुनी रजई पुन्हा भरायची असेल तर चार वाट्यांत एक वाटा तरी नवी रुई मिसळावी, कारण दर पिंजणीला तंतू थोडे तुटतात. जुनी रुई मधल्या थरात आणि नवी दोन्ही बाजूंनी ठेवली, तर जुन्या रुईची भुकटी कापडातून बाहेर झिरपत नाही.

आणि तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड, कसे पसरावे? ज्यांनी रजई भरताना पाहिली आहे त्यांना ती युक्ती आठवत असेल. तीन बाजूंनी शिवलेली खोळ उलटी करून जमिनीवर अंथरतात. तिच्या वर, म्हणजे बाहेरच्या अंगाला, पिंजलेल्या रुईचे पापुद्रे पसरतात. मग बंद कडेकडून खोळ आणि रुई मिळून वळकटी करतात आणि उघड्या तोंडातून ती वळकटी उलटतात. पाहता पाहता बाहेरची रुई आत जाते आणि खोळ सुलटी होते. प्रथम पाहणाऱ्याला ही जादूच वाटते. पण जादू वळकटीत नसून त्याआधीच्या पसरण्यात आहे. यंत्रावर पिंजलेल्या रुईत तंतू एका दिशेने निजलेले असतात. म्हणून एक पापुद्रा उभा घालावा, त्यावरचा आडवा, पुन्हा उभा. असे केले, की थर एकमेकांना बांधून ठेवतात. सगळे एकाच दिशेने घातले तर वापरता वापरता मधून फट पडते आणि नेमकी तिथून थंडी शिरते.

त्यातही गादीचा नियम निराळा, रजईचा निराळा. गादीला मध्य जपायचा आणि रजईला कडा. गादीवर अंगाचा भार मधोमध पडतो, म्हणून तिथे रुई थोडी चढती घालतात. रजईत भार नसतो. पण खोळ उलटताना रुई कडांपासून आणि कोपऱ्यांतून मागे सरते. म्हणून कडांना दोन बोटे जास्त आणि चारही कोपऱ्यांत वेगळा पुंजका ठेवावा लागतो. फक्त उशाकडची कड पातळ ठेवावी, म्हणजे गळ्याशी मुडपून घेता येते. भरून झाल्यावर वेताच्या छडीने हलके थोपटत रुई सारखी करतात. हात फिरवला की कुठे खळगा आहे, कुठे गाठ आहे, ते कळते. टाके घालण्यापूर्वीच ते दुरुस्त करायचे. नंतर करता येत नाही.

टाके हे या पसरण्यावरचे कुलूप. आधी कडा आणि मध्यावर मोठे कच्चे टाके घालून रुई जागेवर धरावी, मग लांब सुईने ओळी घालाव्यात. पातळ रजईला चार बोटांचे अंतर, जाड रजईला थोडे अधिक. टाके फार लांब गेले तर पहिल्याच पावसाळ्यात रुई पायाकडे धाव घेते. फार घट्ट ओढले तर टाक्याच्या रेषेवर रुई दबते आणि थंडीला बारीक पाऊलवाटा मिळतात. कापडही घट्ट विणीचे हवे. विरळ कापडातून तंतू डोके बाहेर काढतात आणि थर हळूहळू गळतो.

आपल्या बायांची गोधडी हेच शास्त्र रुईवाचून पाळते. वऱ्हाडी बोलीत वाकळीची ‘वाकय’ होते, पण कारागिरी तीच. सर्वांत धड लुगडे वर आणि खाली. फाटकी धोतरे, विरलेली चादर मध्ये. एका थराचे भोक दुसऱ्या थराच्या भोकावर येता कामा नये, काठावर काठ येता कामा नये, नाही तर तिथे ढेकूळ होते. घरातली म्हातारी जुनी लुगडी पुढे ओढून तासभर नुसती लावत बसे, तेव्हा मुलांना वाटे, ही शिवायला कधी बसणार? पण खरे काम तेव्हाच चाललेले असे.

हे सारे ज्याच्या हातात होते तो पिंजारी. आपल्याकडे त्यांना नदाफ किंवा मन्सुरीही म्हणतात. ‘नद्दाफ’ हा अरबी शब्द, अर्थ कापूस पिंजणारा. मन्सुरी हे नाव ज्या सूफी मन्सूर अल्-हल्लाजशी जोडले जाते, त्याच्या नावातल्या ‘हल्लाज’चाही अर्थ तोच. इ.स. ९२२ मध्ये बगदादला त्याला देहदंड झाला. हजार वर्षांपूर्वीचे ते नाव सांगणारे कारागीर खांद्यावर पिंजण टाकून आपल्या गल्ल्यांतून हिंडत. तातीवर मुठीचा ठोका पडला की उमटणारा तो घुमारा म्हणजे दसरा आल्याची वर्दी असे. गांधीजींनी चरख्याचा ध्यास घेतला तेव्हा त्यांचेही घोडे पिंजाऱ्याशी अडले होते. चरखा मिळाला, सूत कातणारे मिळाले, पण पेळू करणार कोण? गंगाबेन मजमुदार यांनी पिंजारी शोधून काढला आणि त्याने महिना ३५ रुपये मागितले, असे आत्मकथेत आहे. गांधीजींना ती रक्कम जास्त वाटली नाही.

आमच्यासारख्यांना ती पुष्कळदा जास्त वाटते. बँकेत असताना पिंजण यंत्राच्या कर्जाचे अर्ज माझ्या टेबलावर येत. १९८० नंतर एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम जोरात होता. त्या अर्जांतून मला या धंद्याचे गणित उलगडले. पिंजाऱ्याचे पोट नव्या रजईवर चालत नसे. ते चाले जुन्या रजईवर. एका घरातल्या चार-पाच रजया; दर चार-पाच वर्षांनी उसवायच्या, पिंजायच्या, पुन्हा भरायच्या. म्हणजे वर्षाला घरटी एक काम ठरलेले. शंभर घरे बांधलेली असली की दसरा ते शिवरात्र संसार चाले. बँकेच्या भाषेत सांगायचे तर रजई ही देखभालीची मालमत्ता होती आणि पिंजारी तिचा देखभाल करणारा. हप्ते मात्र बारा महिन्यांचे आणि धंदा चार महिन्यांचा, हा पेच कागदावर सुटत नसे. पुढे फोमची गादी आली, कारखान्याची रजई आली. ती खराब झाली की फेकायची असते, उसवायची नसते. पिंजाऱ्याचे नवे गिऱ्हाईक गेले त्यापेक्षा हे जुने गिऱ्हाईक गेले, याचा फटका मोठा होता.

त्याच्या छातीत काय जात होते, तेही सांगायला हवे. कापसाच्या धुळीने फुप्फुसाचा एक विकार होतो, त्याला बिसिनोसिस म्हणतात. सुटीनंतर कामावर परतलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळते, म्हणून गिरण्यांत त्याला सोमवारचा आजार म्हणत. नाकाला फडके बांधून बंद खोलीत यंत्र चालवणाऱ्या माणसाचा मुलगा या धंद्यात आला नाही, तर त्याला कसे बोलावणार? आपल्याला हा हुन्नर टिकावा असे वाटत असेल, तर उघडी हवेशीर जागा, धूळ ओढणारा पंखा आणि चांगला मुखपट्टा यांचा खर्च मजुरीत धरावा लागेल. कौतुकाने फुप्फुसे साफ होत नाहीत.

राहिला शेतकरी. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. पाच माणसांच्या घराला प्रत्येकी तीन किलोची एक रजई धरली तर रुई लागते १५ किलो, म्हणजे कापूस सुमारे ४५ किलो. अर्ध्या क्विंटलहून कमी. दहा क्विंटल कापूस विकणाऱ्याला तेवढा मागे ठेवणे कठीण नाही, आणि एकदा ठेवला की पुढची चार-पाच वर्षे ठेवायला नको. अडचण निराळीच आहे. जिनिंगमध्ये ट्रकने माल जातो. तिथे पंचेचाळीस किलोची सरकी वेगळी काढून द्यायला कोण बसले आहे? पूर्वी घरोघरी रेचा असे, त्यावर बाया घरापुरती सरकी काढत. रेचा गेला आणि शेतकरी व त्याचा स्वतःचा कापूस यांच्यात एक दार बंद झाले. हे दार उघडायला मोठी योजना नको. तालुक्याला एखाद्या जिनिंगने हंगामाच्या शेवटी दोन दिवस घरगुती कापसासाठी राखले, चार गावांत मिळून एका बचत गटाने लहान रेचायंत्र आणले, आणि त्याशेजारी पिंजाऱ्याला जागा दिली, तरी पुष्कळ झाले. कोरडवाहूच्या एका कोपऱ्यात गावरानीच्या चार ओळी पेरल्या तर त्याहून बरे.

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत,’ ही म्हण मी कर्जदारांना पुष्कळ वर्षे ऐकवली. अंथरूण कोणी, कशाने आणि कसे भरले, याची चौकशी ती म्हण करत नाही. ती आपण करावी. वैशाखाच्या उन्हात घरातल्या रजया दोन्ही अंगांनी वाळवाव्यात. ओलावा गेला की निम्मी दबलेली रुई आपोआप वर येते. उन्हानंतरही जी वर येत नाही, ती उसवावी. गावात पिंजारी उरला असेल तर दसऱ्याच्या आधी त्याला गाठावे, रुई मुठीत दाबून पाहावी, आणि रजई कोणासाठी आहे हे त्याने विचारण्याची वाट पाहावी. त्याने ते विचारले, तर मजुरीची घासाघीस करू नये.